शंभर कपांचा चहा

जॉर्ज ऑर्वेल यांचा चहावरचा एक लहानसा लेख आहे. जानेवारी १९४६ मध्ये तो लंडनच्या ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’ या दैनिकात प्रसिद्ध झाला. चांगला चहा कसा करावा याचे अकरा नियम त्यांनी त्यात सांगितले आहेत आणि त्यांतले निदान चार तरी वादग्रस्त आहेत, असे स्वतःच मान्य केले आहे. कपात आधी दूध की आधी चहा, हा त्यांतला प्रसिद्ध वाद. आमचे भांडण मात्र दुसऱ्या नियमाशी आहे. चहा थोडाथोडाच, म्हणजे किटलीतच करावा, असे तो नियम सांगतो. मोठ्या पिंपातला चहा बेचव असतो आणि लष्करात हंड्यात केलेल्या चहाला तर तेलाची आणि चुन्याची चव येते, असे ऑर्वेल यांचे म्हणणे. हा नियम मान्य केला, तर जो चहा एकाच वेळी शंभर जणांना मिळतो तो चांगला असूच शकत नाही, असे मान्य करावे लागते. विषमतेवर हयातभर लिहिणाऱ्या लेखकाने हे इतक्या सहजपणे लिहून जावे, याची आम्हांला गंमत वाटत आली आहे.

अर्थात अनुभव ऑर्वेल यांच्या बाजूने साक्ष देतो, हेही खरे. चर्चासत्रातला चहा, लग्नातला चहा, आणि विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर दुपारी तीन वाजता तोटीच्या स्टीलच्या डब्यातून येणारा तो तांबूस द्रव, यांची चव या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आम्ही दोघे साताऱ्यात एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. ऑर्वेल यांचा हा लेख भाषांतराच्या तासाला आम्ही बरीच वर्षे वापरला. वाक्ये सरळ, विषय घरचा, आणि तरीही ‘टीपॉट’ला किटली म्हणावे की चहादाणी यावर वर्गात पाऊण तास वाद. त्या वादात हिरिरीने बोलणारा एक विद्यार्थी पुढे मराठीत एम.ए. झाला, सेट झाला, आणि सहा वर्षे तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत शिकवत फिरला. तासिका तत्त्व म्हणजे काय, हेही इथे सांगण्याची गरज नाही. जितके तास तितके पैसे, आणि उन्हाळ्यात तास नाहीत. सातव्या वर्षी एका महाविद्यालयाने जूनमध्ये बोलावले आणि ऑगस्टमध्ये कार्यभार नाही असे कळवले. त्यानंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, राजवाड्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर एक गाळा बघितलाय. चहाची टपरी टाकतोय. मॅडम, तो ऑर्वेलचा दुसरा नियम मोडायचाय. तुम्ही फक्त चव घ्या आणि खरं सांगा.”

त्याला सुट्या पत्तीचा, खऱ्या अर्थाने पानाचा चहा विकायचा होता. आपल्याकडे टपरीवर मिळतो तो बहुतेक सगळा सीटीसी चहा, म्हणजे पान यंत्रात चुरडून, फाडून, वळवून केलेला दाणा किंवा त्याच्याही खालची भुकटी. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघाले आणि आज भारतातल्या चहापैकी फार मोठा वाटा त्यातूनच बाहेर पडतो. दाणा लवकर रंग देतो, कडक उतरतो, दुधाला पुरून उरतो. तो उकळण्यासाठीच जणू घडवला आहे. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी अमृततुल्याची जी परंपरा घडवली, पितळी भांडे, सुंठ, वेलची, फडक्यातून गाळणे, ती या दाण्याशी आणि उकळीशी इमान राखूनच. त्या चहाला आम्ही नावे ठेवणार नाही. उकळलेला चहा वाईट नसतो, सहाव्यांदा उकळलेला वाईट असतो. पानाची पत्ती मात्र वेगळ्या स्वभावाची. तिचा सुगंध उडून जाणाऱ्या द्रव्यांत असतो आणि भांडे खळखळले की तो वाफेबरोबर छताला लागतो. मागे राहतो तो तुरटपणा.

तेव्हा प्रश्न असा होता: जी पत्ती उकळायची नाही, ती सकाळी सात ते रात्री आठ, दिवसाला तीनशे कपांपर्यंत, एका शेगडीवर, उभ्या गिऱ्हाईकाला मिनिटभरात कशी द्यायची?

दिवाळीची सुट्टी आम्ही आमच्या स्वयंपाकघरात या प्रश्नावर घालवली. पेठेतल्या एका चहाच्या व्यापाऱ्याने आसामची तुटकी पत्ती आणि निलगिरीची पत्ती यांचे मिश्रण करून दिले. निलगिरी सुगंधासाठी, आसाम अंगासाठी. नुसत्या दार्जिलिंगचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. दूध पडले की तो चहा गप्प होतो आणि आपले गिऱ्हाईक दुधाशिवाय पीत नाही. चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८० चे, त्यात शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे असे प्रमाण दिले आहे. ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, पिणाऱ्यांसाठी नव्हे, पण कुठून तरी सुरुवात हवी म्हणून तिथून केली.

घरच्या किटलीत पाच मिनिटांत जो चहा उत्तम उतरला, तोच दहा लिटरच्या पातेल्यात पाच मिनिटांत कडवट झाला. पत्ती तीच, प्रमाण तेच, पाणी तेच. याचे कारण आम्हां मराठीच्या माणसांना उशिरा सुचले आणि शेजारच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना एका वाक्यात. लहान भांडे लवकर निवते. पाच मिनिटांत किटलीतले पाणी बरेच खाली येते, म्हणजे शेवटची दोन-तीन मिनिटे पत्ती तुलनेने कोमट पाण्यात असते. दहा लिटरचे पातेले, वर झाकण घातलेले, पाच मिनिटांत जेमतेम दोन-चार अंश उतरते. पत्ती सगळा वेळ भाजल्यासारखी राहते. त्यात पातेले गाळायला आणखी तीन मिनिटे लागतात, आणि पातेल्याच्या तळचा चहा त्या तीन मिनिटांतही मुरतच असतो. पहिला कप आणि शंभरावा कप हे दोन वेगळे चहा होतात. कृतीतले आकडे नुसते दहाने गुणून मोठा चहा होत नाही.

यावर त्याचा पहिला उपाय मलमलीच्या पिशवीचा होता. पत्ती पिशवीत, पिशवी पाण्यात, वेळ झाली की उचलायची. पण पिशवी भरगच्च भरली की मधली पत्ती कोरडीच राहते. कापून पाहिली तेव्हा आत गोळा होता, पुस्तकाच्या गठ्ठ्यातल्या मधल्या प्रतींसारखा कोरा. पत्ती फुगून अनेक पट जागा घेते, म्हणून पिशवी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरायची नाही, आणि पाण्यात दोनदा वर-खाली करायची. उचलल्यावर पिळायची नाही. पिळलेला शेवटचा पेलाभर चहा वेगळा ठेवून चाखला, तेव्हा पूर्ण भांड्याचा तुरटपणा त्यात जमा झालेला होता. पिशवी साबणाने धुवायची नाही, उकळत्या पाण्यात काढायची आणि उन्हात वाळवायची, कारण कालचा चहा कापडात आंबतो आणि आजच्या चहात बोलतो.

पाण्याने वेगळाच धडा दिला. गाळ्याच्या मागे कूपनलिका होती. त्या पाण्याचा चहा काळपट आला, वर तेलकट साय धरली आणि कपाच्या कडेला तपकिरी वर्तुळ उरले. जड पाण्यातले क्षार चहाच्या द्रव्यांशी जोडले जाऊन हे होते. ऑर्वेल यांना लष्करी चहात जो चुना लागला, त्यात थोडा वाटा पाण्याचा असेल काय, अशी आम्हांला शंका आहे. कासच्या तलावातून येणाऱ्या नळाच्या पाण्याचा चहा त्याच पत्तीचा, पण लख्ख तांबडा. तेव्हापासून तो पहाटे घरून नळाचे चार कॅन भरून नेतो. साताऱ्याची उंची सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथे पाणी शंभराच्या दोन-अडीच अंश आधीच उकळते. आमच्या मते पत्तीच्या चहाला हे गैरसोयीचे नाही.

तरीही मूळ अडचण राहिलीच. मुरलेला चहा गाळून ठेवला तर किती वेळ टिकतो? आम्ही दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दर दहा मिनिटांनी चाखला. वीस मिनिटांपर्यंत फरक कळत नाही. अर्ध्या तासानंतर सुगंध खाली बसतो. पाऊण तासानंतर चहा नुसता रंगीत, गरम आणि कडवट असतो. खाली आच ठेवली तर हे सगळे निम्म्या वेळात होते. तपासणी केंद्रावरच्या डब्याचे रहस्य आम्हांला इथे उलगडले. तो चहा शंभर जणांसाठी केला म्हणून बिघडलेला नसतो. तो एकदा केला आणि दोन तास उभा राहिला म्हणून बिघडलेला असतो. संख्येवर ठेवलेला दोष वास्तविक प्रतीक्षेचा आहे.

म्हणून मोठे पातेले गेले. त्याच्या जागी दोन लिटरची दोन भांडी आली. एकात चहा मुरतो, दुसऱ्यातला विकला जातो. रशियात समोवारावर एका छोट्या किटलीत दाट अर्क ठेवतात आणि कपात गरम पाणी मिळवतात. इराणी हॉटेलांत अर्क वेगळा आणि दूध वेगळे असते. हीच युक्ती त्याने घेतली. लिटरभर पाण्याला चाळीस ग्रॅम पत्ती, झाकून चार मिनिटे, पिशवी बाहेर. कपात निम्मा अर्क, निम्मे कढत दूध, साखर ज्याची त्याची, कारण बिनसाखरेचा मागणारे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ झाले आहेत. आले पत्तीच्या आधी पाण्यात उकळायचे, कच्चे आले दुधात पडले तर दूध फाटण्याचा संभव. दर पंचवीस मिनिटांनी नवे भांडे. गर्दी असो वा नसो, अर्ध्या तासावर गेलेला अर्क ओतून द्यायचा. हे शेवटचे कलम सगळ्यांत महाग, त्याविषयी पुढे.

टपरी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कप अर्धा ठेवला आणि म्हणाले, “पोरा, ह्यो च्या शिजल्याला न्हाई अजून.” हा अभिप्राय आम्ही समोर उभे राहून ऐकला आणि मराठीचे अध्यापक म्हणून त्यावर बराच विचार केला. मराठीत चहा टाकतात, ठेवतात, करतात, उकळतात, उकळून घेतात. चहा ‘टाक’ म्हणजे पूड पाण्यात टाक. चहा ‘ठेव’ म्हणजे आधण चुलीवर ठेव. पत्ती पाण्यात निवांत बसून आपले सत्त्व सोडते, त्या क्रियेला या व्यवहारात शब्दच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा खपवणाऱ्या मंडळींनी देशभर फलक लावून पत्ती न उकळण्याची कृती शिकवण्याचा प्रयत्न केला होता. टपरीवाल्यांनी तो मनावर घेतला नाही. कमी पत्तीत जास्त दूध, मसाला आणि भरपूर उकळी हे त्यांचे उत्तर होते, आणि ते त्यांच्या गिऱ्हाइकाच्या खिशाला धरून होते.

पण शब्द नाही असे म्हणून थांबता येत नाही. आमच्यापैकी एकीच्या आजीच्या घरी पाणी आणि साखर उकळली की पूड टाकून आच बंद करीत, वर ताट झाकीत आणि तीन मिनिटे कोणी हात लावायचा नाही. त्याला ती ‘चहा झाकणे’ म्हणे. आणि लोणच्यासाठी आपल्याकडे ‘मुरणे’ आहेच. विद्यार्थ्याने दोन्ही शब्द घेतले. आता कोणी घाई केली की तो म्हणतो, “काका, दोन मिनिटं, मुरतोय.” मुरतोय म्हटल्यावर माणसे थांबतात. उकळतोय म्हटल्यावर थांबत नव्हती, असे त्याचे निरीक्षण आहे. ते गृहस्थही पुढच्या बाजाराला पुन्हा आले, आणि आता त्यांना अर्क जास्त, दूध कमी असा कप मिळतो. शिजलेला नसला तरी कडक आहे, एवढी तडजोड त्यांनी केली.

आमच्या काही सहकाऱ्यांची तडजोड मात्र झाली नाही. एम.ए. मराठी करून शेवटी चहाच विकायचा होता तर, हे वाक्य स्टाफरूममध्ये आमच्या देखत उच्चारले गेले, आणि त्यात हळहळ किती आणि समाधान किती हे ठरवणे कठीण होते. चहा कोणाच्या हातचा, हा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झाले. पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा म्हणून लोक येईनात. शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजत. या दोन कपांचा इतिहास आम्ही पदवीच्या वर्गात सामाजिक पार्श्वभूमी म्हणून शिकवतो. आपल्या विद्यार्थ्याने टपरी टाकल्यावर मान खाली घालण्याची भावना त्या धड्याशी कशी जुळवायची, हे आम्हांला उमगत नाही. दुसरीकडे, सेट झालेल्या माणसाला शिकवायला जागा मिळू नये यात भूषण मानावे असेही काही नाही. टपरी चांगली चालली म्हणून ती तक्रार मिटत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात.

आता महाग कलमाविषयी. त्याची पत्ती किलोला पाचशे रुपयांची. लिटरला चाळीस ग्रॅम घातली की पत्ती स्वतः तिप्पट-चौपट पाणी पिऊन बसते, म्हणून साडेआठशे मिलिलिटरच्या आसपास अर्क हाती येतो. त्याचे सतरा कप. म्हणजे कपामागे पत्तीचा खर्च एक रुपया अठरा पैसे. शेजारच्या टपरीत तीनशे रुपये किलोचा दाणा कपाला दीड ग्रॅम धरला तर पंचेचाळीस पैसे. फरक त्र्याहत्तर पैशांचा. तीनशे कपांना दिवसाचे सव्वादोनशे रुपयांच्या आत-बाहेर, आणि ओतून दिलेला अर्क वेगळा. महिन्याला ही रक्कम गाळ्याच्या भाड्याच्या निम्मी होते. गंमत अशी की कपातल्या दुधाचा खर्च पत्तीच्या दुपटीहून अधिक आहे, पण काटकसर करायची म्हटली की प्रत्येकाचा हात आधी पत्तीकडे जातो. पत्ती गाळून जाते, दिसत नाही, म्हणून असेल.

पहिल्या पावसाळ्यात त्याने एकदा विचारले होते, “सर, पत्तीत एक हिस्सा दाणा मिसळला तर?” आम्ही सल्ला दिला नाही. धंदा त्याचा, कर्ज त्याचे. मिसळून करून पाहिले. चहा वाईट नव्हता, रंग तर अधिक भरला. पंचवीस टक्के दाण्यापर्यंत आम्हां दोघांना कपात फरक सांगता आला नाही, हेही नोंदवायला हवे. त्याला सांगता आला. त्याने काय ठरवले ते त्याच्या हिशेबात पाहावे. पावसाळ्याचे तीन महिने तो दाणा मिसळतो, कारण दमट हवेत उघड्या डब्यातली पत्ती लवकर उतरते आणि गिऱ्हाईकही कडक मागते. दसऱ्यापासून पुन्हा नुसती पत्ती. फळ्यावर तसे लिहिलेले असते. विचारणारा महिन्यात एखादा.

सकाळचे पहिले दोन तास आता त्याची आई सांभाळते. सुरुवातीला त्याने तिच्यासाठी स्वयंपाकघरातले मिनिटांचे घड्याळ आणून ठेवले होते. ते फळीवर पडून आहे. आम्ही विचारले तेव्हा पळीत थोडा अर्क घेऊन, पळी उजेडाकडे तिरकी करीत त्या म्हणाल्या, “म्याडम, घड्याळ कशाला? पळीचा तळ दिसायचा थांबला की उचलायचं.” आम्ही मनगटावर पाहिले. चार मिनिटांना काही सेकंद कमी होते.

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात मराठीची पूर्णवेळ जागा निघाली. त्याने अर्ज केला आहे, मुलाखतीचे पत्र आलेले नाही. आले तर टपरी बंद करायची नाही, एवढे मायलेकरांत ठरले आहे. फक्त आठवड्याची पत्ती रविवारी कोणी तोलून द्यायची, यावर अजून बोलणी चालू आहेत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिचा विश्वास नाही आणि मुठीच्या मापावर त्याचा.